जोडगोळीच्या विनोदपटातले दिव्यांग नायक

जोडगोळीच्या विनोदपटाचा साचा जुना आहे. एकमेकांशी अजिबात न जमणारी दोन माणसे एका संकटात सापडतात आणि त्यातून सुटता सुटता जिवलग होतात. या जोडीतला एक किंवा दोघेही दिव्यांग असले, की दिग्दर्शकाचा खरा कस लागतो. व्यंगाचीच टिंगल झाली तर चित्रपट क्रूर होतो, आणि फार जपून वागले तर हसूच येत नाही.

आर्थर हिलर यांचा ‘सी नो ईव्हिल, हिअर नो ईव्हिल’ (1989) हा या प्रकारातला सर्वांत परिचित चित्रपट. जीन वाइल्डरचा डेव्ह कर्णबधिर आहे, रिचर्ड प्रायरचा वॅली दृष्टिहीन. न्यूयॉर्कमधल्या डेव्हच्या स्टॉलवर वॅली कामाला लागतो आणि तिथेच एक खून पडतो. डेव्हला गोळीचा आवाज येत नाही, पळणाऱ्या बाईचे पाय तेवढे दिसतात. वॅलीला तिच्या अत्तराचा वास येतो. दोघांची साक्ष जोडली तरच चित्र पुरे होते, पण पोलीस त्यांनाच संशयित ठरवतात. बारमधल्या मारामारीत डेव्ह दिशा सांगतो आणि वॅली त्या अंदाजाने ठोसे हाणतो. इथे हसू येते ते त्यांच्या अचूक ताळमेळाचे. काही विनोद ओढूनताणून आणलेले आहेत, तरी दोघे कुठेही केविलवाणे वाटत नाहीत. भूमिकेच्या तयारीसाठी वाइल्डर न्यूयॉर्कच्या कर्णबधिरांसाठीच्या संस्थेत गेला. तिथे त्याला ओठवाचनाचे मार्गदर्शन करणाऱ्या तज्ज्ञ महिलेशी 1991 मध्ये त्याचा विवाह झाला. प्रायरला तर 1986 मध्येच मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले होते.

हिंदीत अशीच जोडी इंद्रकुमार यांच्या ‘प्यारे मोहन’मध्ये (2006) आली. फरदीन खान आणि विवेक ओबेरॉय यांच्या या चित्रपटात मात्र आरडाओरडाच जास्त. त्याआधी ‘दोस्ती’ने (1964) अंध आणि पांगळ्या मुलांची मैत्री रंगवली होती, पण ती डोळे ओले करण्यासाठी.

फ्रेंच ‘अँतूशाब्ल’ने (2011) याच नात्याकडे धीटपणे पाहिले. पॅराग्लायडिंगच्या अपघातात मानेखाली लुळा पडलेला श्रीमंत फिलिप आणि त्याची देखभाल करणारा द्रिस, ही जोडी खऱ्या माणसांवर बेतलेली आहे. फिलिपच्या पायावर गरम चहा सांडतो, तरी तो हूं की चूं करत नाही. मग द्रिस मुद्दाम पुन्हा ओतून बघतो. द्रिसला दया येत नाही, कुतूहल वाटते, आणि फिलिपला नेमके तेच हवे असते. फ्रान्समध्ये या चित्रपटाची 1 कोटी 90 लाखांहून अधिक तिकिटे खपली. 2016 मध्ये नागार्जुन आणि कार्ती यांना घेऊन त्याची तेलुगू-तमिळ आवृत्ती निघाली.

इथपर्यंतच्या या भूमिका पडद्यावरचे व्यंग प्रत्यक्षात नसलेल्या नटांनीच केल्या. ‘द पीनट बटर फाल्कन’ने (2019) मात्र वेगळी वाट धरली. डाउन सिंड्रोम असलेल्या झॅक गॉट्सेगनला चित्रपटात नायक व्हायचे होते. ते ऐकून टायलर निल्सन आणि मायकेल श्वार्ट्झ यांनी ही कथा खास त्याच्यासाठी लिहिली. पडद्यावरचा झॅक वृद्धाश्रमातून पळतो, कारण त्याला कुस्तीगीर व्हायचे आहे. वाटेत भेटलेला मच्छीमार टायलर त्याला पोहायला शिकवतो आणि कधी कधी खडसावतोही. झॅकही त्याला तसेच उत्तर देतो. 2020 च्या ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार जाहीर करण्यासाठी गॉट्सेगन आपला सहनट शाया लबफ याच्यासह मंचावर होता.