बायबलमधील मैत्री : शब्दांपेक्षा सोबत मोलाची

मरोळच्या संत योहान इव्हँजेलिस्ट चर्चचा इतिहास एका स्थलांतरापासून सुरू होतो. सध्याच्या सीप्झच्या आवारात पोर्तुगीज जेझुइट धर्मगुरूंनी १५७९ मध्ये एक चर्च बांधले होते. १८४० मध्ये परिसरात रोगाची साथ पसरली, तेव्हा तेथील ख्रिस्ती रहिवासी आपल्या धर्मगुरूंसह मरोळला आले. जुन्या चर्चमधील मूर्तीही त्यांनी सोबत आणल्या. त्या चर्चचे भग्नावशेष आजही सीप्झमध्ये उभे आहेत. संकटात एकमेकांना धरून निघालेल्या या समाजाने नवे चर्च ज्या संताच्या नावाने उभारले, त्याच्याच शुभवर्तमानात मैत्रीचा ख्रिस्ती विचार ठळकपणे मांडलेला आहे.

या शुभवर्तमानानुसार, वधस्तंभावरील मृत्यूच्या आदल्या रात्री येशू आधी शिष्यांचे पाय धुतो आणि नंतर त्यांना सेवक न मानता मित्र मानतो. धन्याच्या मनात काय चालले आहे हे सेवकाला ठाऊक नसते. मित्रापासून मात्र काही लपवायचे नसते, असे कारण तो देतो. मित्रांसाठी प्राण देणे ही प्रीतीची परिसीमा, असेही तो सांगतो. म्हणजेच मोकळेपणा, सेवा आणि त्याग यांवर ही मैत्री उभी आहे.

जुन्या करारात याची उदाहरणे सापडतात. राजा शौलाचा पुत्र योनाथान वडिलांचा रोष पत्करून दावीदाचे प्राण वाचवतो. पुढे राजा झालेला दावीद दिवंगत मित्राच्या अपंग मुलाला आपल्या पंक्तीला बसवतो. विधवा रूथ माहेरी परतण्याची मोकळीक असतानाही सासू नामीची साथ सोडत नाही. ईयोबाचे मित्र मात्र दोन्ही बाजू दाखवतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ मूकपणे बसतात, तोवर ते खरे सोबती ठरतात; त्याच्या दुःखात त्याचाच दोष शोधू लागतात, तेव्हा चुकतात.

मार्कच्या शुभवर्तमानातील प्रसंग तर अधिकच बोलका आहे. चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि गर्दीमुळे वाट मिळेना, तेव्हा छप्पर उघडून त्याला येशूपुढे उतरवतात. ज्याला चालता येत नाही, त्याला वाहून नेणे हीच तेथे मैत्री ठरते.

या शिकवणीची आज महानगराला गरज आहे. ईस्ट इंडियन समाजात लग्नापूर्वी 'उंबराचे पाणी' आणण्यासाठी नातलग आणि शेजारी वाजतगाजत विहिरीवर जात. आता मरोळमध्ये मेट्रो आली आहे, गावठाणाभोवती उंच इमारती उभ्या आहेत. एकाच मजल्यावर राहूनही शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसणे शहरात नवलाचे राहिलेले नाही. मुले परदेशी असलेल्या वृद्धांना तर हा दुरावा अधिक जाणवतो. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीने गरजूंच्या घरी जाऊन भेटण्यालाच आपल्या कार्याचा गाभा मानले, ते याच विचारातून.

माझा शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला होता. उत्तरादाखल त्याने दयाळू शोमरोन्याची गोष्ट सांगितली आणि जखमी वाटसरूचा शेजारी कोण झाला, असा प्रतिप्रश्न केला. शेजारी शोधायचा नसतो, आपण व्हायचे असते, हाच त्या गोष्टीचा बोध आहे.