सर्व्हर बंद होतांना

शाळेचा सर्व्हर लवकर बंद होईना, म्हणून वीज तोडूं नये. लिनक्सवरील सिस्टमडी ही व्यवस्था प्रत्येक सेवेस आधीं काम आवरण्याची सूचना देते, सामान्यतः ९० सेकंद वाट पाहते आणि मगच तिला सक्तीनें थांबविते. त्या अवधींत मुलांचे गुण डिस्कवर उतरत असतील, तर निकालच घोटाळ्यांत पडावयाचा.

विलंब नित्याचाच असेल, तर पडद्यावर कोणत्या सेवेचें नांव अडून राहतें तें टिपावें. नोंदी जतन होत असल्यास, पुन्हां सुरू केल्यावर 'जर्नलसीटीएल' ह्या आज्ञेस '-बी -१' जोडून मागील सत्र वाचावें. पुष्कळदां नेटवर्क आधींच तुटल्यानें दुसऱ्या यंत्रावरील सामाईक फोल्डर सुटत नसतो. तो दोष काढावा. मुदत मात्र डोळे मिटून घटवूं नये. शाळेचा शिपाई घंटा देतो, पण कुलूप लावतो तें शेवटचें मूल बाहेर पडल्यावरच.