स्टर्लिंग इंजिनातला दाब कसा सांभाळतात?

या इंजिनात वायू कोंडलेला असतो. तो तापला की दाब चढतो, निवला की उतरतो. हा चढउतार प्रत्येक फेरीत होणारच. सांभाळायचा असतो तो सरासरी दाब. कारण ताकद साधारण त्याच्या प्रमाणात मिळते. बरं, नुसती आच कमीजास्त करून भागत नाही. धातू तापायला, निवायला वेळ लागतो. म्हणून फिलिप्सच्या इंजिनांत ताकद हवी तेव्हा टाकीतून वायू आत सोडत, नको तेव्हा कॉम्प्रेसरने परत टाकीत भरत.

बॉयलर फुटून माणसं मरत त्या काळात, १८४३ साली, स्टर्लिंग बंधूंनी स्कॉटलंडात डंडीच्या ओतकाम कारखान्यात बिनबॉयलरचं इंजिन चालवलं. हवा पंपाने दाबून भरलेली. पण सततच्या आचेने सिलिंडर निकामी होत गेले. दाब वाढवायची युक्ती हाती होती. आच सोसणारा धातू नव्हता.