चित्र विकताना (भाग 6) : किंमत, माप आणि चौकट

गेल्या आठवड्यात कागद आणि शाईचं पाहिलं. आज पैशांचं बोलू, कारण किंमत विचारली की बहुतेक चित्रकार कचरतात आणि घाईत कमी आकडा सांगून मोकळे होतात.

समजा, 12 बाय 18 इंची प्रिंट आहे. छपाई 200 रुपये, पाकीट आणि मागचा पुठ्ठा 40, वाया जाणाऱ्या प्रतींचे 20. झाले 260. किंमत 500 ठेवली आणि दुकानदाराने 30 टक्के घेतले, तर 150 त्याचे आणि तुमच्या हाती उरले 90! तीच 900 ठेवली तर 370 उरतात. दुकानदाराचा हिस्सा पहिल्यापासून किमतीत धरायचा, आणि स्वतःच्या स्टॉलवरही तीच किंमत लावायची. तुम्ही 600 ला विकताय हे कळलं, की दुकानदार पुढची खेप घेणार नाही.

स्वस्तात भरपूर विकू, असं वाटत असेल तर राजा रविवर्म्यांची गोष्ट आठवा. 1894 मध्ये मुंबईत त्यांनी छापखाना काढला, चित्रं घराघरांत पोचली. पण कर्ज वाढत गेलं आणि छापखाना शेवटी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. आपल्याकडे तर तो छापखानाही नाही.

आता माप. संगणकावर सवयीने एफोर निवडला जातो, घोळ तिथेच होतो. तयार फ्रेम बहुधा फोटो स्टुडिओच्या मापात मिळतात : 8 बाय 12, 12 बाय 18. एफोर 210 मिलिमीटर रुंद, 8 इंच म्हणजे 203. सात मिलिमीटरसाठी चित्र फ्रेममध्ये बसत नाही! एथ्री उलट 12 बाय 18 मध्ये जवळजवळ 37 मिलिमीटर आखूड पडतो. मग गिऱ्हाईक फ्रेम बनवून घ्यायला जातं आणि फ्रेमचं बिल चित्राच्या वर जातं. बदलापुरात नव्या इमारती उभ्या राहताहेत, वास्तुशांतीच्या आहेराला चित्र नेणाऱ्या पाहुण्याला हा खटाटोप नको असतो. त्याच्यासाठी थोड्या प्रती फ्रेमसकट ठेवा. बाकीच्या पुठ्ठा लावून, पारदर्शक पाकिटात. गुंडाळी करून देऊ नका, कागद सरळ होता होत नाही.

पन्नासच प्रती काढणार असाल तर खाली पेन्सिलीने 1/50 लिहा, सही करा आणि एक्कावन्नावी कितीही मागणी आली तरी छापू नका. आधीच्या पन्नास जणांनी त्या आकड्याचेही पैसे दिलेले असतात.

अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर हा इथल्या चित्रकारांचा आवडता विषय. मंदिर काढायला कुणाची आडकाठी नाही. दुसऱ्याने काढलेला मंदिराचा फोटो गिरवणं मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यात अडकू शकतं. वही घेऊन स्वतः जा. कोनही वेगळा सापडेल. फक्त प्रिंटचा पसारा आवारात मांडू नका. वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे आणि तिथे विक्रीला परवानगी लागते.