चाकांची फिर्याद

शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून ‘फिआट 1100 डिलाइट’ या नावाने बाहेर पडू लागलेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव धारण केलेली, 1089 घन सेंटिमीटर इंजिनाची ती आटोपशीर मोटार मुंबईने काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात दोन-तीन पिढ्या पाहिली. वयोमर्यादेच्या नियमान्वये 30 ऑक्टोबर 2023 पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून नाहीशी झाली, तेव्हा तिच्यासोबत तिची नाडी हाताने जाणणाऱ्या मिस्त्रींचा वर्गही विखुरला, याचे मला अधिक वाईट वाटले. त्या वर्गाच्या ज्या एका विद्येने माझ्या घरच्या पद्मिनीला मार्गावर आणले, तिचा हा परिचय.

या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकास वर एक व खाली एक असे विशबोनचे दोन हात, त्यांच्यामध्ये स्प्रिंग, आणि चाक वळावे म्हणून किंगपिन. खालच्या हाताचा आस चौकटीला जेथे बोल्टांनी जखडलेला असतो, तेथे बसवलेल्या पातळ पत्र्यांच्या, म्हणजे शिमांच्या, जाडीवर चाकाचा कल ठरतो. सगळे रबरी बुश, किंगपिन आणि दोन्ही स्प्रिंगा नव्या घालून गाडी गॅरेजातून घरी आली, आणि पहिल्याच दिवशी स्टिअरिंगवरचा हात किंचित सैल सोडताच ती डावीकडे ओढू लागली. आपल्याकडे रस्त्याचा उतार डाव्या कडेला असल्यामुळे थोडासा कल कोणतीही गाडी दाखवते. पण ही ओढ उतार नसलेल्या मैदानावरही कायम होती. मग संगणकाच्या पडद्यावर अंशांचे आकडे दाखविणाऱ्या यंत्रावर दोनदा अलाइनमेंट करवून घेतले. दोन्ही वेळा टाय रॉड फिरवून टो-इन, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांची पुढल्या बाजूने एकमेकांकडे किंचित वळलेली ठेवण, दुरुस्त झाले आणि गाडी मात्र पूर्ववत डावीकडेच जात राहिली.

अखेर एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. गाडी पाहण्याआधी त्यांनी माझी जबानी घेतली : “साहेब, आधी मला सांगा, कोणकोणते पार्ट बदलले, आणि बुश कसले तेव्हा गाडी जॅकवर होती की जमिनीवर?” या एका प्रश्नात त्या विद्येचा अर्धा गाभा आहे. बुशातले रबर आतल्या व बाहेरच्या दोन्ही नळ्यांना धरून बसते. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट पक्का केला, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळले जाते, पिळलेल्या दोरासारखे उलट जोर लावून गाडीला वर उचलून धरते, कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल, बिघडवते आणि स्वतःही लवकर फाटते. त्यांनी गाडी जमिनीवर उभी ठेवून बोल्ट सैल केले, पुढचा भाग हाताने चार-सहा वेळा दाबून हालवला, आणि मग गाडीचा भार चाकांवर असतानाच ते पुन्हा आवळले. दोन्ही बाजूंची उंची फूटपट्टीने मोजली, तेव्हा ती सारखी आणि पूर्वीहून कमी भरली.

त्यानंतर जे घडले, ते मला पूजाविधीसारखे वाटले. पुढची दोन टायरे त्यांनी परस्परांत बदलली, कारण ओढीची दिशा तेवढ्याने उलटली असती तर दोष टायराचा ठरला असता. ती उलटली नाही. जॅकवर चाक फिरवून ब्रेक घासत नाही याची खात्री केली. दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांमधील 2340 मिलिमीटरचे अंतर जुळवून मागचा आस सरकलेला नाही हे ताडले. मग गवंड्याचा ओळंबा काढून चाकाशेजारी सोडला. 14 इंची रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्यापर्यंतचे अंतर मोजावयाचे. त्यांत सहा-साडेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे सुमारे एक अंश कॅम्बर. तो दोन्हीकडे जवळजवळ सारखा निघाला.

मग राहिला कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता किंगपिनचे मागे झुकणे, ज्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. तो ओळंब्याने थेट सापडत नाही. चाक 20 अंश आत व 20 अंश बाहेर वळवून कॅम्बरमध्ये पडणारा फरक दीडपट करावा लागतो. हा हिशेब त्यांनी भिंतीवर खडूने मांडला. उजवीकडचा कॅस्टर डावीकडच्याहून स्पष्ट अधिक होता, आणि गाडी नेहमी कमी कॅस्टरच्या बाजूस जाते. कारण उघड झाले : काम करताना उजव्या आसाच्या पुढल्या बोल्टच्या शिमा मागल्या बोल्टमागे गेल्या होत्या. टो-इनचा दोष टायरांना करवतीचे दाते पाडतो, स्टिअरिंग वाकडे उभे करतो; पण अशी एकसारखी ओढ निर्माण करीत नाही. त्या यंत्राचा यात काडीचाही अपराध नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. उंची, ढिलाई, कॅम्बर, कॅस्टर आणि सर्वांत शेवटी टो, ही अनुक्रमणिका उलटी केली की पहिल्या चार दोषांचे पाप पाचव्याच्या माथी मारले जाते.

शिमा जागच्या जागी गेल्या, टायराच्या खडू फासलेल्या पृष्ठभागावर खिळ्याने रेघ ओढून पुढे-मागे माप घेऊन टो-इन बसवले, आणि परतीच्या रस्त्यावर मी अनेकदा हात सैल सोडून पाहिला. गाडी सरळ गेली.

ज्यांच्याकडे अशी जुनी गाडी आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : विशबोन उतरविण्यापूर्वी चार रिकाम्या काडेपेट्या घ्या, प्रत्येकीवर बोल्टची जागा लिहा, त्या त्या बोल्टच्या शिमा त्यांतच ठेवा, आणि त्यांची संख्या गाडीच्या पुस्तिकेत नोंदवून ठेवा.