एकच शेअर, तीन किमती

मुंबई-पुणे रस्त्यावर आकुर्डीला बजाज ऑटोचं मोठं आवार आहे, पुणे ४११०३५. हाच पत्ता आणखी दोन कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर छापलेला असतो. एक बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट, दुसरी महाराष्ट्र स्कूटर्स. दोघींकडे बजाज ऑटोचे शेअर आहेत. शेअर तोच, ताळेबंदाची तारीख ३१ मार्च हीच, पण दोघींच्या पुस्तकांत त्याची किंमत वेगळी. शिवाय बजाज होल्डिंग्जच्या एकाच अहवालात दोन ताळेबंद असतात, एक तिचा स्वतःचा आणि एक समूहाचा एकत्रित. त्या दोन्हींत तीच गुंतवणूक दोन निरनिराळ्या आकड्यांनी येते. म्हणजे किमती तीन झाल्या. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्हींखाली लेखापरीक्षकांची सही आहे.

वाचणाऱ्याचा गोंधळ होतो तो इथेच. ‘कंपनीकडे अमुक कोटींची गुंतवणूक आहे’ हे वाक्य अर्धंच असतं. ती रक्कम कोणत्या रीतीने लिहिली, हा त्याचा उरलेला अर्धा भाग.

जुनी रीत समजायला सोपी आहे. मी आर्टिकलशिप करत होतो तेव्हा शेअर कागदी होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीच्या हिशेब विभागात आम्हाला लोखंडी कपाट उघडून दिलं जायचं. एकेक सर्टिफिकेट काढायचं, फोलिओ नंबर बघायचा, मागच्या बाजूला ट्रान्स्फरची नोंद कंपनीच्याच नावावर आहे ना ते तपासायचं आणि यादीत बरोबरची खूण करायची. यादीत प्रत्येक शेअरसमोर एकच रक्कम असे, खरेदीची. बाजारभाव शेजारी पेन्सिलने लिहायचा, कारण तो फक्त माहितीसाठी होता. डिमॅट आलं, कपाटं गेली, पण त्या यादीमागचा नियम आजही जिवंत आहे.

तो नियम म्हणजे लेखा मानक १३. थोड्या काळासाठी घेतलेली गुंतवणूक असेल तर खरेदी किंमत आणि बाजारभाव यांतला जो कमी असेल तो लिहायचा. दीर्घ मुदतीची असेल तर खरेदी किंमतच ठेवायची, आणि घसरण तात्पुरती नाही असं दिसलं तरच तेवढी तरतूद करायची. तोटा दिसला की दाखवा, नफा हातात पडल्याशिवाय दाखवू नका, असा हा जपून चालणारा हिशेब. शेअर बाजारात नोंद नसलेल्या आणि २५० कोटींपेक्षा कमी नक्त मालमत्ता असलेल्या बहुतेक कंपन्या आजही याच रीतीने चालतात. भोसरी-चाकणच्या छोट्या कारखान्यांचे ताळेबंद पाहिले की हेच दिसतं.

या रीतीत मला एक मोठा दोष वाटतो. समजा, १० रुपयांना घेतलेला शेअर ९०० वर गेला. पुस्तकात तो १० लाच आहे. धंदा वाईट गेला त्या वर्षी त्यातले थोडे विकले की प्रत्येक शेअरमागे ८९० रुपये नफ्यात. वर्ष साजरं होतं. पण तो नफा त्या वर्षाचा नव्हता, वीस वर्षांत हळूहळू साठलेला होता. भागधारकाला ना साठताना तो दिसला, ना विकताना त्याचं वय कळलं.

महाराष्ट्र स्कूटर्सचंच बघा. १९७५ साली ही कंपनी स्थापन झाली. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४. साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया स्कूटर बनायची. पुण्यात एका पिढीने संसार तिच्यावरच मांडले, पुढे मूल उभं आणि मागे बायको बसलेली. कंपनीने वाटेत जुन्या बजाज ऑटोचे शेअर घेतले आणि धरून ठेवले. २००८ मध्ये बजाज ऑटोची विभागणी अमलात आली, तेव्हा तिच्याकडे ३३,८७,०३६ शेअर होते. प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्वचा एक मिळाला. जुना शेअर हातात राहिला, फक्त त्या कंपनीचं नाव बजाज होल्डिंग्ज झालं. एका शेअरचे तीन झाले, पण खिशातून एक पैसाही गेला नव्हता. म्हणून मूळ खरेदी किंमतच तिघांत वाटायची. २०१० मध्ये बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला. शेअर ६७,७४,०७२ झाले, एकूण खरेदी किंमत तीच, प्रत्येक शेअरमागची निम्मी. जुन्या रीतीने हा सगळा ठेवा पुस्तकात जवळपास अदृश्य राहतो. स्कूटर थांबल्या, कंपनी छोटी दिसते, आणि पोटात डोंगर असतो.

२०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने नवी मानकं, म्हणजे ‘इंड एएस’, लागू झाली, बिगर-बँक वित्त कंपन्यांना २०१८ पासून. गुंतवणुकीसाठीचं मुख्य मानक इंड एएस १०९. ते दोन प्रश्न विचारतं. हा कागद कशासाठी धरलाय, मुदत संपेपर्यंत व्याज घेण्यासाठी की विकण्यासाठी? आणि यातून मिळणारे पैसे म्हणजे फक्त मुद्दल आणि व्याज आहे का? रोखा मुदतीपर्यंत धरायचा असेल आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर बाजारभावाकडे बघायची गरज नाही. शेअर मात्र दुसऱ्याच प्रश्नावर अडतो, कारण त्यात मुद्दल परत यायची तारीखच नसते. त्यामुळे तो बाजारभावानेच लिहावा लागतो.

मग भाव वरखाली झाला तर ती रक्कम कुठे जाते? सर्वसाधारण वाट म्हणजे थेट नफा-तोटा पत्रक. कंपनीने पडून असलेले पैसे लिक्विड किंवा इतर म्युच्युअल फंडात ठेवले असतील तर त्यांची वाट हीच. पण विक्रीसाठी नसलेल्या शेअरसाठी दुसरी वाट मोकळी ठेवली आहे. शेअर घेतानाच कंपनी ठरवू शकते की याची चढउतार ‘इतर सर्वसमावेशक उत्पन्न’ या वेगळ्या रकान्यात दाखवू. हा निर्णय पुन्हा बदलता येत नाही. पुढे शेअर विकला तरी त्याचा नफा कधीच नफा-तोटा पत्रकात येत नाही, सरळ राखीव निधीत जातो. वाईट वर्ष झाकायची ती जुनी पळवाट इथे बंद झाली, आणि मला या मानकातली हीच सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. अमेरिकेत शेअरसाठी हा वेगळा रकाना ठेवलेलाच नाही. तिथे २०१८ पासून चढउतार नफ्यातच धरली जाते, त्यामुळे वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेचा तिमाही नफा बाजाराबरोबर हिंदकळतो.

महाराष्ट्र स्कूटर्सने बजाज समूहाच्या शेअरसाठी ही दुसरी वाट धरली आहे. म्हणून तिचा ताळेबंद पाहणारा चक्रावतो. नक्त मालमत्ता हजारो कोटींत आणि वर्षाचा नफा त्या मानाने फारच लहान. नफ्यात प्रामुख्याने मिळालेला लाभांश येतो, डोंगराची वाढ वेगळ्या रकान्यात. हा वाढलेला आकडा लाभांश म्हणून वाटताही येत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार, न विकता दिसणारा नफा लाभांशासाठी मोजायचा नाही. डोंगर खचला तरीही नफा-तोटा पत्रकावर ओरखडा उमटत नाही. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त कोसळला आणि आठच दिवसांनी वर्षअखेर होती. बाजारभावाने शेअर लिहिणाऱ्या सगळ्यांना ३१ मार्चचाच बंद भाव घ्यावा लागला. असे शेअर धरलेल्या कंपन्यांची नक्त मालमत्ता आक्रसली, नफा-तोट्याच्या पानावर त्या घसरणीची खूणही नव्हती.

आता बजाज होल्डिंग्ज. तिचा बजाज ऑटोतला वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. २० टक्के मतं हातात असली की कंपनीचा प्रभाव आहे असं मानक गृहीत धरतं आणि मग इंड एएस १०९ बाजूला होतं. स्वतःच्या ताळेबंदात ती गुंतवणूक खरेदी किमतीने राहू शकते, आणि ती तशीच आहे. एकत्रित ताळेबंदात मात्र हिशेब निराळा. समजा, १०० रुपयांना एक तृतीयांश वाटा घेतला. त्या कंपनीला ३० रुपये नफा झाला, तर आपले १० वाढवायचे. तिने आपल्याला ६ रुपये लाभांश दिला, तर तो उत्पन्न म्हणून धरायचा नाही, गुंतवणुकीतून वजा करायचा. उरले १०४. बाजारात त्याचे ५०० मिळत असले तरी पुस्तकात १०४. शेजारच्या महाराष्ट्र स्कूटर्सचा बजाज ऑटोतला वाटा अडीच टक्क्यांहूनही कमी, तिथे प्रभावाचा प्रश्नच नाही, म्हणून तिला बाजारभाव. झाल्या तीन किमती.

बाजारभाव म्हणजे कोणता, हेही विचारायला हवं. इंड एएस ११३ त्याच्या तीन पायऱ्या करतं. पहिली, शेअर बाजारातला बंद भाव. दुसरी, भाव थेट मिळत नाही पण जवळच्या रोख्यांच्या परताव्यावरून काढता येतो. तिसरी, बहुतांशी अंदाज. पुण्यातल्या छोट्या कंपन्यांकडे हमखास सापडणारी एक वस्तू मात्र या पायऱ्यांवर बसवताना अवघडते. सहकारी बँकेचे शेअर. कर्ज घेताना रकमेच्या ठरावीक टक्के ते सहसा घ्यावे लागतात. ते बाजारात विकले जात नाहीत, बँक परत घेईल तेव्हा दर्शनी किंमतच देते. अशा कागदाला बाजारभाव शोधत बसण्यात अर्थ नाही.

बँकांची गोष्ट आणखी वेगळी, कारण इंड एएस त्यांना अजून लागू नाही, रिझर्व्ह बँकेचे स्वतःचे नियम आहेत. शिवाजीनगरच्या लोकमंगलमधून चालणाऱ्या बँक ऑफ महाराष्ट्रसारख्या बँकेकडे सरकारी रोखे मोठ्या प्रमाणात असतात. १०० रुपयांचा, ७ टक्के व्याजाचा, दहा वर्षांचा रोखा घ्या. बाजारातला व्याजदर ८ टक्के झाला की हा रोखा कोणी ९३.२९ रुपयांपेक्षा जास्त देऊन घेणार नाही. मुदतीपर्यंत धरायच्या टोपलीत तो असेल तर पुस्तकात १०० च राहतो, आणि दहा वर्षांनी १०० परत येतात. पण ठेवीदार मध्येच दारात उभे राहिले तर विकावा लागतो आणि मग ९३.२९ हीच खरी किंमत ठरते. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं हेच झालं. आपल्याकडे १ एप्रिल २०२४ पासून नवे नियम आले. विक्रीसाठी उपलब्ध टोपलीतला फक्त तोटा दाखवण्याची जुनी पद्धत गेली, आता नफा-तोटा दोन्ही एका वेगळ्या राखीव खात्यात जातात.

आकुर्डीच्या गोष्टीत एक पान उरलं आहे. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने महाराष्ट्र स्कूटर्समधला आपला २७ टक्के वाटा विकायचा ठरवला तेव्हा भावावरूनच वाद झाला. २००६ मध्ये लवादाने शेअरमागे १५१.६३ रुपये ठरवले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१९ मध्ये निकालानंतर ते शेअर बजाज होल्डिंग्जकडे आले आणि २४ चे ५१ टक्के झाले. ५१ टक्के म्हणजे उपकंपनी. त्यानंतरच्या एकत्रित ताळेबंदात महाराष्ट्र स्कूटर्सची प्रत्येक मालमत्ता आणि प्रत्येक देणं ओळीओळीने मिळवलं जाऊ लागलं, आणि खाली, भागभांडवलाच्या शेजारी, उरलेल्या ४९ टक्क्यांच्या मालकांचा हिस्सा म्हणून एक स्वतंत्र ओळ आली.