समालोचकाच्या आसनावर कलावंत

मैदानावर चाललेला खेळ आणि घरी बसलेला प्रेक्षक ह्यांच्यामधला दुवा म्हणजे समालोचक. नभोवाणीच्या काळात तो आपले डोळे होता. चित्रवाणी आली तेव्हा डोळ्यांचे काम चित्राने पत्करले, आणि समालोचकाकडे समजावून सांगण्याचे काम उरले. गेल्या काही वर्षांत मात्र ह्या आसनावर एक तिसराच मानकरी येऊन बसू लागला आहे. तो खेळाडू नाही, पत्रकारही नाही. तो नट आहे, गायक आहे किंवा विनोदकार आहे. ही प्रथा कशी आली, तिने काय साधले आणि तिची मर्यादा कोठे आहे, ह्याचा विचार आपल्यासारख्या क्रीडाप्रेमी समाजाला अप्रस्तुत वाटू नये.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ह्या प्रथेचा सर्वांत ठळक आविष्कार दिसला. अमेरिकेतील एन.बी.सी. ह्या प्रक्षेपण संस्थेने स्नूप डॉग ह्या प्रख्यात रॅप गायकास आपला खास वार्ताहर म्हणून पॅरिसला नेले. कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे वाढलेला हा उंच, सडपातळ गायक २६ जुलै रोजी सेंट-डेनिस येथे ऑलिंपिकची मशाल हाती घेऊन चालला. व्हर्सायच्या राजवाड्याच्या परिसरात घोडेस्वारीच्या स्पर्धा होत्या, तेथे तो पाककलेच्या कार्यक्रमांमुळे घरोघरी पोहोचलेल्या मार्था स्टुअर्ट ह्यांच्यासह स्वाराचा पोशाख घालून हजर झाला. जलतरणपटू मायकेल फेल्प्स ह्यांच्याबरोबर तो पाण्यातही उतरला. त्याची ही कामगिरी अचानक घडलेली नव्हती. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकच्या वेळी विनोदकार केव्हिन हार्ट ह्याच्यासह त्याने स्पर्धांच्या क्षणचित्रांवर भाष्य केले होते. घोड्याचा आडवा पदन्यास पाहून त्याने आपल्या गावच्या रस्त्यांवरील नाचाची जी उपमा दिली, ती ऐकून लक्षावधी लोक पोट धरून हसले होते.

हा खटाटोप केवळ हौसेचा नव्हता. २०३२ पर्यंतच्या ऑलिंपिक स्पर्धा अमेरिकेत दाखविण्याचा हक्क मिळविण्यासाठी एन.बी.सी.ने ७६५ कोटी डॉलर मोजण्याचा करार २०१४ मध्ये केला होता. एवढी रक्कम ओतल्यावर केवळ जातिवंत क्रीडारसिकांच्या भरवशावर राहणे कोणत्याही संस्थेस परवडणारे नाही. ज्याला कुस्तीतले किंवा तलवारबाजीतले ओ की ठो कळत नाही असा माणूसही पडद्यापुढे बसला पाहिजे. पॅरिसच्या वेळी संस्थेच्या सर्व माध्यमांवर मिळून दररोज सरासरी ३ कोटी ६ लाख प्रेक्षक लाभले. टोकियोच्या तुलनेत ही वाढ ऐंशी टक्क्यांहून अधिक होती. परंतु तिचे सारे श्रेय गायकाच्या पदरात टाकणे न्यायाचे होणार नाही. टोकियोची मैदाने महामारीमुळे रिकामी होती, आणि तेथील वेळ अमेरिकन घरांना गैरसोयीची होती. पॅरिसमध्ये प्रेक्षकांची गर्दी होती, नगरी नयनमनोहर होती आणि स्पर्धा अमेरिकेत दिवसाउजेडी पाहता येत होत्या. तेव्हा कलावंताने प्रेक्षक आणले हे जितके खरे, तितकेच काळवेळेनेही आणले हेही खरे.

आता प्रश्न असा की, समालोचकाचे खरे काम कोणते? पाश्चात्य प्रक्षेपणात ह्या कामाचे फार पूर्वीपासून दोन वाटे पडले आहेत. एक जण घडते ते सांगतो आणि दुसरा ते का घडले ते उलगडतो. पहिला सहसा पत्रकार किंवा निवेदक असतो, दुसरा बहुधा निवृत्त खेळाडू. ह्या दुसऱ्याची गरज किती असते, हे आपण इस्राएलमधील लोकांनी स्वतः अनुभवले आहे. २००४ मध्ये अथेन्स येथे गाल फ्रिडमन ह्याने शिडाच्या फळीवरील शर्यतीत सुवर्णपदक मिळविले आणि ऑलिंपिकच्या इतिहासात प्रथमच हातिक्वाचे सूर घुमले. त्या शर्यतींत जितका क्रमांक तितके गुण, आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी, असा हिशेब होता. दूरवर पाण्यात पसरलेली शिडे पाहून पुढे कोण आणि मागे कोण, हे नवख्या डोळ्याला उमगणे कठीण. २०२४ मध्ये टॉम रेऊवेनी ह्याने त्याच प्रकारच्या खेळात सुवर्ण जिंकले तेव्हा फळीही बदलली होती आणि पद्धतही; प्राथमिक फेऱ्यांनंतरची अखेरची शर्यत निर्णायक होती. अशा वेळी वाऱ्याची दिशा, वळणाची जागा आणि गुणांचा मेळ समजावून सांगणारा जाणकार नसेल, तर विजय आपल्या डोळ्यांदेखत घडूनही आपण त्याला पारखे राहतो. विनोद कितीही चांगला असला तरी तो ही उणीव भरून काढू शकत नाही.

रंजन आणि समालोचन ह्यांचे नाते तसे जुनेच आहे, फक्त पूर्वी प्रवाह उलट्या दिशेने वाहत होता. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन हे १९३० नंतरच्या दशकात आयोवा राज्यातील डे मॉइन येथील डब्ल्यू.एच.ओ. ह्या नभोवाणी केंद्रावर क्रीडानिवेदक होते. शिकागोच्या बेसबॉल सामन्यांची त्रोटक माहिती तारेने येई, आणि रेगन स्टुडिओत बसून जणू मैदानावरूनच पाहत आहोत अशा थाटात सामना रंगवीत. एकदा ऐन सामन्यात तार बंद पडली. तेव्हा फलंदाज एकामागून एक चेंडू मैदानाबाहेर तटवीत आहे, अशी बतावणी करून त्यांनी काही मिनिटे रेटून नेली, हा किस्सा ते स्वतः आवडीने सांगत. १९३७ मध्ये त्याच संघाच्या सरावाच्या निमित्ताने ते कॅलिफोर्नियास गेले, तेथे त्यांची पडद्यावरील चाचणी झाली आणि निवेदकाचा नट बनला. समालोचनात थोडी नटाची कला लागते, हे ह्यावरून दिसून येते. त्याचबरोबर त्या कलेच्या आधारे श्रोत्याच्या गळी काहीही उतरविता येते, हेही दिसून येते.

केवळ बुद्धिचातुर्य पुरेसे नसते, ह्याचाही दाखला अमेरिकेतच सापडतो. २००० मध्ये डेनिस मिलर ह्या विनोदकारास सोमवारच्या रात्रीच्या लोकप्रिय फुटबॉल सामन्यांच्या समालोचनासाठी नेमण्यात आले. त्याचे दाखले इतके आडवळणाचे असत की त्यांचा अर्थ उलगडणारी टिपणे प्रसिद्ध होऊ लागली. प्रेक्षकाला खेळ समजावून देणाऱ्याचेच बोलणे समजावून देण्याची पाळी आली. दोन हंगामांनंतर त्या जागी एक अनुभवी प्रशिक्षक येऊन बसला.

भारतातील अनुभव काहीसा निराळा आहे. २००३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत भरलेल्या क्रिकेटच्या विश्वचषकाच्या वेळी सेट मॅक्स ह्या वाहिनीने 'शांती' ह्या मालिकेमुळे परिचित झालेल्या मंदिरा बेदी ह्यांना आपल्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनासाठी निवडले. त्यांच्या पोशाखाची चर्चा झाली, त्यांच्या प्रश्नांची थट्टा झाली, आणि क्रिकेटच्या पंक्तीत ह्या बाईंचे काय काम, असेही पुष्कळांनी विचारले. परंतु सामान्य घरातील गृहिणीला पडणारे साधे प्रश्न त्या निःसंकोचपणे विचारीत, आणि अनेक घरांतील स्त्रिया त्यामुळे क्रिकेटकडे वळल्या. त्या पुढेही कित्येक स्पर्धांत दिसत राहिल्या, आणि आज क्रिकेटच्या प्रक्षेपणात स्त्रियांचा आवाज ऐकून कोणी दचकत नाही. ज्याला माहीत नाही त्याच्या वतीने विचारणे, हेही एक प्रामाणिक काम आहे. त्यासाठी आपल्याला सर्व कळते असा आव मात्र आणता कामा नये.

१५ फेब्रुवारी २०१५ रोजी अॅडलेड येथे भारत-पाकिस्तान सामना रंगला. त्यात खुद्द अमिताभ बच्चन समालोचकांच्या पंक्तीत बसले. एके काळी आकाशवाणीने ज्यांचा आवाज नाकारला असे सांगितले जाते, त्यांच्याच आवाजासाठी वाहिनीने पायघड्या घातल्या होत्या. त्या महिन्यात त्यांचा 'शमिताभ' हा चित्रपट नुकताच झळकला होता, हा योगायोग चाणाक्षांच्या नजरेतून सुटला नाही. भारताने ३०० धावा केल्या, विराट कोहलीने १०७ धावा काढल्या आणि भारत ७६ धावांनी जिंकला. कोट्यवधी लोकांनी तो आवाज कौतुकाने ऐकला. परंतु कोहलीचा डाव आठवणाऱ्यांना त्या आवाजाने सांगितलेली एखादी क्रिकेटची बाब आठवेल काय? त्या दिवशी आवाज पाहुणा म्हणून आला होता, आणि पाहुण्याचा मान घेऊन परतला.

आता ह्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. आपल्या समाजाला, नव्हे साऱ्या इस्राएलला, तो विसरता येणारा नाही. ५ सप्टेंबर १९७२ रोजी, रोश हाशाना अवघ्या काही दिवसांवर आला असताना, म्युनिक येथील ऑलिंपिकनगरीत अतिरेक्यांनी इस्राएली संघाच्या निवासात शिरून खेळाडूंना व प्रशिक्षकांना ओलीस धरले. अमेरिकेत त्या स्पर्धा ए.बी.सी. ही संस्था दाखवीत होती. तिच्या क्रीडाविभागाचे प्रमुख रून आर्लेज ह्यांनी त्या क्षणी नेहमीच्या मुख्य निवेदकास न बसविता जिम मॅके ह्यांना आसनावर बसविले. मॅके ह्यांचा तो सुटीचा दिवस होता. क्रीडानिवेदक होण्यापूर्वी ते बाल्टिमोर येथे वृत्तपत्राचे बातमीदार होते, आणि बातमी व अफवा ह्यांतील भेद त्यांना ठाऊक होता. ऑलिंपिकनगरीत त्याच संस्थेचे मध्यपूर्वेतील वार्ताहर पीटर जेनिंग्ज दडून राहिले होते, आणि हल्लेखोर कोण व त्यांची पार्श्वभूमी काय, हे ते जाणत होते. मॅके तासन्‌तास आसनावरून हलले नाहीत. रात्री सर्व ओलीस सुखरूप सुटल्याची वार्ता जगभर पसरली. ती खोटी ठरली. अखेर पहाटे मॅके ह्यांनी शांत, थकल्या स्वरात सांगितले की ओलीस अकरा होते; दोघे त्यांच्या निवासात मारले गेले, नऊ जण विमानतळावर, आणि आता त्यांच्यापैकी कोणीही उरलेले नाही.

मॅके ह्यांनी पुढे सांगितले की त्या रात्री त्यांच्या मनात सतत एक विचार होता. इस्राएली संघातील वजन उचलणारा डेव्हिड बर्गर हा अमेरिकेत ओहायो राज्यात वाढलेला होता. त्याचे आईवडील तेथे चित्रवाणीपुढे बसले असतील, आणि आपला मुलगा जिवंत आहे की नाही हे त्यांना आपल्याच तोंडून कळणार आहे, ह्याची त्यांना जाणीव होती. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याची जबाबदारी ह्याहून अधिक स्पष्ट शब्दांत कोणी मांडली असेल असे वाटत नाही.

कोणी म्हणेल, मग सिद्धच झाले की कलावंतांना तेथे थारा देऊ नये. पण ह्या कथेला एक अंग आहे. हेच मॅके १९५० मध्ये न्यूयॉर्कला आले ते गाण्या-गप्पांच्या मनोरंजक कार्यक्रमाचे सूत्रधार म्हणून. त्यांचे मूळ आडनाव मॅकमॅनस. मॅके हे नाव त्या कार्यक्रमामुळेच त्यांना चिकटले. म्हणजे म्युनिकच्या त्या रात्री जो आवाज साऱ्या जगाने विश्वासाने ऐकला, तो एके काळी करमणुकीच्या रंगमंचावरूनच आलेला होता. माणूस कोठून आला ह्यापेक्षा त्याने मधल्या काळात काय कमावले, हे महत्त्वाचे. मॅके ह्यांनी बातमीदारीची शिस्त आणि त्यानंतर वर्षानुवर्षे देशोदेशींच्या खेळांचा अभ्यास गाठीशी बांधला होता.

आपल्याच समाजातील डेव्हिड अब्राहम चेऊलकर ह्यांचे स्मरण येथे स्वाभाविकपणे होते. 'बूट पॉलिश'मधील भूमिकेसाठी पारितोषिक मिळविणारे, १९६९ मध्ये पद्मश्रीने गौरविलेले हे नट चित्रपटसृष्टीतील समारंभांचे निवेदक म्हणूनही तितकेच लोकप्रिय होते. निवेदकाच्या कलेचे मर्म असे की समारंभ दुसऱ्याचा असतो. प्रकाशझोत ज्याच्यावर पडायचा त्याच्यावर पडू द्यावा आणि आपण शब्दांनी त्याची वाट मोकळी करावी. खेळाच्या मैदानावर येणाऱ्या कलावंतालाही हीच कसोटी लावता येईल. स्नूप डॉगच्या बाजूनेही एवढे म्हटले पाहिजे की पॅरिसमध्ये तो स्वतःची गाणी गात बसला नाही. आपल्या देशाच्या खेळाडूंची चित्रे असलेले अंगरखे घालून तो प्रेक्षकांत बसे आणि मनापासून टाळ्या वाजवी. कौतुक करणारा म्हणून तो शोभला. तज्ज्ञाचे आसन त्याने मागितले नाही आणि संस्थेनेही ते त्याला दिले नाही. जिम्नॅस्टिक्स, जलतरण व धावण्याच्या स्पर्धांत समजावून सांगणारे आवाज त्या त्या खेळाच्या जाणकारांचेच होते. खेळाच्या निर्णायक क्षणी जाणकार बोलावा आणि मधल्या विसाव्यात कलावंताने हसवावे, अशी वाटणी पाळली तर दोघांचेही स्वागत करण्यास हरकत नाही. मात्र संकटाची घटका आली, तर आसनावरून उठून जागा करून देण्याची सुज्ञता कलावंताजवळ आणि त्याला बसविणाऱ्यांजवळ हवी.

ह्या विचाराला लवकरच एक गोड निमित्त मिळणार आहे. २०२८ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस येथे ऑलिंपिक भरावयाचे ठरले आहे, आणि १९०० नंतर प्रथमच त्यात क्रिकेटचा समावेश झाला आहे. चित्रपटांच्या त्या राजधानीत ध्वनिक्षेपकाभोवती तारे-तारकांची दाटी होणार, ह्यात शंका नाही. गुगली म्हणजे काय आणि स्लिपमध्ये माणसे का उभी करतात, हे अमेरिकन प्रेक्षकाला पहिल्यापासून सांगावे लागेल. वाचक बंधुभगिनींनो, डिमोना, बेरशेबा, अश्दोद आणि लोद येथे क्रिकेट जिवंत ठेवणाऱ्या आपल्या समाजाला हे काम नवे नाही. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित ह्यांचे मराठी समालोचन कान देऊन ऐकलेले वडीलधारे अद्याप आपल्यात आहेत, आणि हिब्रूत वाढलेली नातवंडे त्यांच्या शेजारी बसून सामना पाहणार आहेत. पडद्यावर कोणीही बोलत असो; त्या दिवसांत आपल्या घरातील आजोबांनी मराठीत चार शब्द समजावून सांगितले, तर नातवंडांना खेळही कळेल आणि थोडी मायबोलीही कानांवर पडेल.